दक्षिण उतारावरचे अकरा खड्डे

"दक्षिण उतारावरील गवताळ पट्टा तसाच राखण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाल्यावर, प्रारंभी नाराज होऊन सभागृहाबाहेर गेलेल्या तत्कालीन अध्यक्षांनी सभासदांच्या मताचा आदर राखत तेथील आपले अकरा खड्डे स्वतः बुजवले."

आमच्या टेकडी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत हे वाक्य छापून आले आहे. वाक्य सुबक आहे. त्यात अपमानाचा एक शब्द नाही, असलाच तर आदराचा आहे, आणि त्यामुळेच वाचणारा मान डोलावून पुढच्या पानावर जातो. मी गेलो नाही. या एका वाक्यात दोन चुका आहेत. अध्यक्ष नाराज होऊन बाहेर गेले नव्हते, ही पहिली. खड्डे ठराव मंजूर 'झाल्यावर' बुजवलेले नाहीत, ही दुसरी. पहिली मी एखाद वेळेस पोटात घातली असती. दुसरी घालणार नाही. हरल्यानंतर खड्डे बुजवणारा माणूस वेगळा आणि कोणी हरवण्याच्या आत स्वतः उठून बुजवणारा वेगळा. ज्यांच्याशी मी तीस वर्षे भांडलो ते अध्यक्ष कोणत्या जातकुळीचे होते, एवढाच प्रश्न आहे, आणि माझ्या दृष्टीने तो लहान नाही.

माझा स्वतःचा उल्लेख स्मरणिकेत कोठेही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

मंडळ म्हणजे मुळात पहाटे टेकडीवर फिरायला येणारी माणसे. पायथ्याला पाण्याची टाकी आहे, तिच्याशेजारी पाच लिटरचे कॅन ओळीने ठेवलेले असतात. वर जाणाऱ्याने एक भरून न्यायचा, एखाद्या रोपाच्या बुडाशी ओतायचा आणि रिकामा परत आणायचा, हा आमचा एकमेव नियम. टाकीवर पाटी आहे: "टेकडी आपली आहे. पाणीही आपणच न्यायचे आहे. गुडघेदुखी कळवण्याची आवश्यकता नाही." ती पाटी माझी. तिच्यावर अनेकांनी आक्षेप घेतले, पण कॅन मात्र निमूट उचलले.

अध्यक्ष पायथ्याच्या गावातले. गाव महापालिकेत कधीच आले, त्यांच्या शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांचे स्वतःचे घरही आता चार मजली इमारत आहे. पण बोलण्यातला 'हाय' गेला नाही आणि पायातले जाड वहाणांचे जोड गेले नाहीत. मी पेठेतला, आयुष्यभर न्यायालयात लघुलेखक म्हणून बसलेला. समोरचा जे बोलला तेच आणि तेवढेच लिहायचे, हा माझा पेशा. ते मला 'कोर्टवाले' म्हणत, मी त्यांना 'अध्यक्षमहाराज'. तीस वर्षांत आमच्यात अरे-तुरे झाले नाही, आणि एकमतही क्वचितच झाले.

झाडे लावण्याचे वेड मात्र त्यांचेच. ते गुरे राखायचे त्या काळी टेकडी बोडकी होती, आणि ती आपल्याच घरच्या गुरांनी बोडकी केली अशी त्यांची पक्की समजूत होती. "आमच्या जनावरांनी खाल्ली, आता आम्हीच भरून द्यायची," असे ते म्हणत. दरवर्षी जानेवारीत ते स्वतःच्या हातांनी खड्डे खणत. उन्हाळाभर खड्डा तापला की माती निर्दोष होते आणि पहिल्या सरींनंतर रोप लावायचे, ही त्यांची पद्धत. लवकर वाढते म्हणून आम्ही सुरुवातीला गिरिपुष्प लावले, मग इतर काही. टेकडी हिरवी झाली. खालच्या रस्त्यावरून जाणारा माणूस वर पाहून बरे वाटून घेई. त्यातल्या बऱ्याच झाडांखाली गवताची काडी उगवत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आले नाही. पाणी घालणारा माणूस फक्त बुंध्याकडे पाहतो.

वार्षिक सभा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, पायथ्याच्या शाळेच्या सभागृहात. सकाळी सभा, मध्ये जेवण, नंतर लिलाव. जेवण म्हणजे आमचा निधी. शाळेच्या व्हरांड्यात घरोघरच्या बायका-पुरुष टेबले मांडून बसतात: मटार करंज्या, भरीत-भाकरी, गुळपोळ्या, एका काकूंचा खरवस, जो साडेअकरालाच संपतो आणि ज्यावरून दरवर्षी कोणी ना कोणी रुसतो. कुपने घ्यायची, खायचे. जमते त्यातून कुंपणाची डागडुजी आणि रखवालदार. लिलाव मात्र पैशांचा नाही. एकेका झाडाचे वर्षभराचे पालकत्व पुकारले जाते आणि बोली कॅनमध्ये लागते. "मोईचं झाड, वरच्या वळणावरचं! बोला!" मी म्हणणार, "शंभर कॅन." अध्यक्ष म्हणणार, "एकशेएक." मी दीडशे म्हटले तर ते एकशेएक्कावन्न. ते कधीही एकापेक्षा जास्त वाढवत नसत, आणि कधीही थांबत नसत.

"अहो, तुम्हाला झाड हवंय की मला हरवायचंय?" एकदा मी विचारले.

"झाड तुमचंच घ्या. पाणी मी घालतो," ते म्हणाले, आणि सभागृह हसले. वर्षभर त्यांनी खरोखर त्या झाडाला पाणी घातले. झाडावरच्या पाटीवर नाव माझे होते.

दोन वर्षांपूर्वीच्या सभेत एका मुलीने ठराव आणला. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण आमच्यात ती मुलगीच. खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आणि रविवार उगवला की टेकडीवर, गळ्यात कॅमेरा आणि हातात वही. दक्षिण उतारावर यापुढे एकही झाड लावू नये, तो पट्टा गवतासाठीच ठेवावा, असा तिचा ठराव होता. अध्यक्षांचे त्या वर्षीचे अकरा खड्डे नेमके दक्षिण उतारावर होते. आठवडाभर आधीच खणून तयार.

मी ठरावाच्या विरोधात बोलणार होतो. हे आता कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. भाषण लिहून खिशात ठेवले होते. त्यात खराडीच्या वातानुकूलित कचेऱ्यांवर दोन चांगली वाक्ये होती. ती वाया गेली.

मुलगी उभी राहिली तेव्हा घाबरलेली दिसत होती. "काका, आधीच सॉरी," ती अध्यक्षांकडे पाहून म्हणाली. "म्हणजे झाडं वाईट असं नाहीये. पण अ‍ॅक्च्युअली ही टेकडी जंगलाची नाहीये, गवताची आहे. चंडोल जमिनीवर, गवतातच घरटं करतो. सावली पडली की तो जातो."

"म्हणजे आम्ही तीस वर्षं चुकीचं पाणी घातलं का?" मागून कोणी तरी ओरडले.

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

तिने पिशवीतून स्टीलचा एक छोटा डबा काढला, झाकण उघडून अध्यक्षांसमोर टेबलावर ठेवला. आत लिंबाएवढा, चपटा, मातकट कंद होता. "हा मला नव्या खड्ड्यांच्या मातीच्या ढिगात सापडला. एका वेलीचा आहे. पावसाळ्यात फुलते, बाकी वर्षभर जमिनीखाली. गवत असेल तरच टिकते."

अध्यक्षांनी कंद उचलला. खिशातून चष्मा काढला, लावला. नखाने कंदाची साल थोडी खरवडली आणि नाकाशी नेली. मग डब्यात परत न ठेवता तो मुठीत धरला, खुर्ची मागे सरकवली आणि एक शब्द न बोलता बाहेर गेले.

सभागृहात एकदम गलका झाला. "झालं, भडकले!" "बिचाऱ्यांना सगळ्यांसमोर कशाला?" मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्या चिटणीसबाईंनी टेबलावर हात आपटून जाहीर केले, की वादाचा ठराव प्रथेप्रमाणे जेवणानंतर घेण्यात येईल. ही प्रथा जुनी आहे. जेवल्यावर आमचे सभासद थोडे कमी भांडतात. सगळे व्हरांड्याकडे वळले. मी दाराकडे.

आता पहिल्या चुकीचा निकाल लावून टाकतो. मी बाहेर आलो तेव्हा अध्यक्ष टाकीपाशी वाकून कॅन भरत होते. भरला, झाकण घट्ट केले, आणि पायवाटेला लागले. रागावलेला माणूस पाच लिटर पाणी उचलून टेकडी चढत नाही. मी रिकाम्या हाताने त्यांच्या मागे गेलो, आणि माझ्याच पाटीचा त्या दिवशी माझ्याकडून भंग झाला.

दक्षिण उतारावर पोहोचलो तेव्हा ते पहिल्या खड्ड्याशेजारी उकिडवे बसून मातीचा ढीग बोटांनी चाळत होते. जवळ जाताच म्हणाले, "कोर्टवाले, भाषण खाली करायचं. हितं न्हाई."

"मी भाषणाला आलो नाही."

"मग बसा. आन् डोळं चांगलं असतील तर शोधा."

"काय शोधू?"

त्यांनी मूठ उघडली. "ही खरपुडी हाय. ती पोरगी काय तरी वेल म्हनली, पन ही खरपुडी. गुरं राखताना भूक लागली की आम्ही काठीनं उकरून खायचो. जरा तुरट, पन पानीदार. पावसाळ्यात येल दिसला की जागा ध्यानात ठिवायची. मला वाटलं, संपली. पन्नास वर्सं म्या लोकांना सांगतोय, आमच्या गुरांनी खरपुडी संपवली म्हनून. ती हितंच व्हती. म्याच खनून फेकत व्हतो."

"तुम्हाला खणताना दिसली कशी नाही?"

"येल पावसाळ्यात. खड्डं जानेवारीत. वर कायबी दिसत न्हाई. कुदळीखाली आली तर मुळी म्हनून बाजूला. खनताना चष्मा कोन घालतंय?"

मी बसलो. ढिगांत आम्हाला आणखी चार कंद मिळाले. दोन धड होते, दोन कुदळीने चिरलेले. चिरलेलेही त्यांनी टाकले नाहीत. खड्ड्यात एक वीतभर माती लोटली, कंद ठेवला, वर पुन्हा माती. अवजारे पायथ्याच्या खोलीत कुलपात होती आणि किल्ली चिटणीसबाईंकडे. मी म्हटले, "जाऊन किल्ली आणतो."

"आनाल आन् समद्यांना सांगून याल. ऱ्हाऊ द्या."

मग आम्ही हातांनीच माती लोटली. खड्डे दीड फुटाचे, माती शेजारीच, मुरमाड. बोटांना लागत होती. बारीक खडे त्यांनी वेचून बाजूला काढले, गवताचे उपटलेले गड्डे शोधून वर पालथे न घालता नीट सुलट बसवले. मी भराभर पायाने दाबत होतो तेव्हा ते ओरडले, "अहो, कागदावर शिक्का मारताय काय? हळू दाबा." आठव्या खड्ड्याशी माझी कंबर धरली. ते माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. त्यांनी उरलेले तीन एकट्याने भरले आणि मी शेजारी उभा राहून देखरेख केली, असे ते पुढे मला ऐकवत. ते खोटे आहे. अकराव्यात माझाही हात होता.

शेवटी त्यांनी कॅनमधले पाणी अकरांमध्ये वाटून ओतले. थोडे थोडे. तिथे आता काही रोप नव्हते, तरी त्यांचा हात सवयीने प्रत्येक वेळी बुंध्याच्याच जागी गेला.

"वाईट वाटतंय का?" मी विचारले. असला प्रश्न मी कोणाला विचारत नाही.

"वाटतंय की." त्यांनी कॅनचे झाकण लावले. "पन त्या पोरीला म्हनायला जावं का आता, की तू बरोबर हाय? रडत आसंल ती. चला."

आम्ही खाली आलो. जेवणाची पाने उठत होती, खरवस अर्थातच संपला होता, आणि सभागृहात चिटणीसबाई ठराव मताला टाकत होत्या. अध्यक्ष व्यासपीठावरच्या खुर्चीकडे गेले नाहीत. ते पुढच्या रांगेच्या कडेला उभे राहिले आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला. त्यांच्या मागोमाग पुष्कळ हात वर गेले. मीही केला, भाषण खिशातच राहिले. मुलगी आमच्याकडे पाहत होती. मत मोजून झाल्यावर ते तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "पावसाळ्यात ये. तुला खरपुडी कुठं कुठं व्हायची ते दावतो." लिलावात त्या वर्षी दक्षिण उताराच्या गवताचे पालकत्वही पुकारले गेले. गवताला पाणी लागत नाही, म्हणून बोली कोणत्या मापात लावायची यावर पंधरा मिनिटे वाद झाला, आणि शेवटी ते त्या मुलीला बिनबोलीने देण्यात आले. त्याच सभेत अध्यक्षांनी पद सोडले. गुडघ्यांचे कारण सांगितले. गुडघे खरेच गेले होते.

मग चुकीचे वाक्य छापले कसे गेले? स्मरणिका हातात पडली त्याच दिवशी मी सदाशिव पेठेत चिटणीसबाईंच्या घरी गेलो. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. नोंद आणि सही यांच्यापलीकडे त्यांचा फारशा कशावर विश्वास नाही. मी त्यांचा आदर करतो, म्हणूनच त्यांच्याशी भांडतो.

"चहा घेणार ना? की तोही आक्षेपासकट?" त्यांनी दारातच विचारले.

"चहा बिनशर्त. वाक्य मात्र मागे घ्या."

त्यांनी आत जाऊन अवजारांची नोंदवही आणली. पान त्यांनी आधीच खुणेने धरून ठेवले होते. मी येणार हे त्यांना ठाऊक असावे. सभेच्या तारखेला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, "कुदळ एक, घमेले एक", आणि पुढे अध्यक्षांची सही. "मत दोनला झालं. कुदळ तीनला गेली. मी यापेक्षा काय लिहायला हवं होतं?"

"कुदळ आखणी मोडायला नेली होती. पुढच्या वर्षीच्या खड्ड्यांसाठी त्यांनी दगड रचून रांग आखली होती, बांबू ठोकले होते. ते उपटले. खड्डे त्याआधी हातांनी भरून झाले होते."

"हातांनी? अकरा? त्या वयात?"

"मी होतो ना बरोबर."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "अहो, तुम्ही साक्षीदार की सहआरोपी? तुमच्या कोर्टात असली साक्ष कोणी ग्राह्य धरली असती का?"

धरली नसती. हे मलाच अधिक ठाऊक असल्याने मी चहा संपवला आणि उठलो. दाराशी त्या जरा मऊ झाल्या. "हे बघा, मंडळ ठरावावर चाललं पाहिजे, एका माणसाच्या मनावर नाही. उद्या नवे लोक येतील. त्यांना कळायला हवं की अध्यक्षसुद्धा बहुमतापुढे वाकतात. यात त्यांचा मोठेपणाच आहे की."

मुद्दा चांगला होता. खोटा होता, पण चांगला होता.

तिथून मी थेट अध्यक्षांकडे गेलो. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ते फारसे उतरत नाहीत. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बसतात, समोर टेकडी. मी स्मरणिका उघडून वाक्य वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

"चांगलं लिवलंय बाईंनी."

"चांगलं? अहो, यात तुम्ही हरलेले आहात."

"हरलो आसंल. त्यानं काय व्हतंय? गवत ऱ्हायलं न्हवं?" मग माझे तोंड बघून म्हणाले, "कोर्टवाले, जाऊ द्या. त्या पोरीचा ठराव व्हता. तिच्यामुळं झालं म्हनू द्या. म्या आधीच मानलं व्हतं आसं लिवलं, तर तिचा ठराव फुकटच गेला की वो."

हा त्यांचा विचार मला तोपर्यंत सुचलेला नव्हता. तो ऐकून मी त्यांच्यावर अधिकच चिडलो, कारण आता हे वाक्य खोडणे मला अटळ झाले. आपल्या वाट्याचे श्रेय दुसऱ्याला देऊन स्वस्थ बसणाऱ्या माणसाला सगळ्यांनी 'नाराज' म्हणावे, आणि त्याने ते ऐकून घ्यावे, आणि मीही, ज्याने दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवण्यात हयात घालवली, ते ऐकून घ्यावे, हे होणार नाही. मुलीचा ठराव फुकट गेलेला नाही. त्यांना पटवून दिले ते तिच्याच डब्यातल्या कंदाने. मतांच्या मोजणीने नव्हे. यात तिचा विजय मोठा होतो, लहान नाही. हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "बरं, लिवा मग. तुम्ही लिवल्याशिवाय ऱ्हानार न्हाई." आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा मागवल्या.

तर लिहिले. माझी साक्ष बाजूला ठेवा, अध्यक्षांचे मौनही बाजूला ठेवा, नोंदवहीतली कुदळ पाहिजे तर जमेस धरा. त्या वाक्याच्या समोरच्या पानावर स्वतः चिटणीसबाईंनी निवडलेले एक छायाचित्र छापले आहे. खाली मजकूर आहे, "ठरावावर मतदान करताना सभासद". आणि त्यात पुढच्या रांगेच्या कडेला वर झालेला अध्यक्षांचा हात बोटांपासून कोपरापर्यंत मुरमाड मातीने माखलेला आहे.